घरातल्या यंत्रांची जन्मपत्रिका यंत्रावरच: दोन आखाज्यांचा अनुभव

तापीकाठ

राम राम मंडळी.

२०१७च्या आखाजीला (अक्षय तृतीयेला) आईसाठी अमळनेरच्या घरी फ्रिज घेतला. कॉम्प्रेसरला १० वर्षांची वॉरंटी होती. बिल आणि वॉरंटी कार्ड बाबांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं. २०२३च्या मे महिन्यात कॉम्प्रेसर बसला. आईने पिशवी उतरवली. बिलाचा कागद पूर्ण कोरा. उजेडात धरला, तिरका करून पाहिला, एका कोपऱ्यात दुकानाच्या नावाची दोन अक्षरं तेवढी करडी दिसत होती. थर्मल कागदावरची अक्षरं शाईची नसतात. ऊन, दमट हवा आणि मऊ प्लास्टिकमधली रसायनं लागली की ती उडतात. आपल्याकडचा उन्हाळा आणि वर प्लास्टिकची पिशवी, म्हणजे ते बिल दोन्हीकडून गेलं.

फ्रिजच्या मागच्या स्टिकरवरचा सिरियल नंबरही पुसट झाला होता. सर्व्हिस सेंटरने बिलाशिवाय वॉरंटी देता येणार नाही म्हणून सांगितलं. पैसे भरले. पण खरं लागलं ते पुढे. मिस्तरीने विचारलं, "याच्या आधी गॅस भरलाय का? कधी? कोणता?" आई माझ्याकडे बघायला लागली, मी आईकडे. हे सगळं बाबांना ठाऊक होतं. बाबा २०२१ साली गेले.

त्याच दिवशी संध्याकाळी काकांच्या गोठ्यात गेलो होतो. गाईच्या कानात पिवळा बिल्ला, त्यावर १२ अंकी नंबर. जनावरांचे डॉक्टर येतात, नंबर टाकतात, कोणती लस कधी दिली ते समोर. गाय विकली तरी नंबर तिच्याबरोबर जातो. घरातल्या फ्रिजला, मशीनला, गिझरला असं काही का असू नये, हा विचार तिथून सुरू झाला.

२०२४च्या आखाजीला मी जळगावच्या आणि अमळनेरच्या घरात मिळून ९ वस्तूंवर एनएफसी टॅग लावले. रेडिओ लहरींवर ओळख पटवणाऱ्या टॅगचाच, म्हणजे आरएफआयडीचाच, हा एक प्रकार. टॅगमध्ये सेल नसतो. तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या तारेची चपटी गुंडाळी आणि मधे मोहरीच्या दाण्याहून लहान चिप. फोन जवळ नेला की फोनच्या चुंबकीय क्षेत्रातून गुंडाळीत वीज तयार होते, तेवढ्या विजेवर चिप जागी होते आणि स्वतःजवळचं सांगते. फोन लांब गेला की परत झोपते.

या टॅगच्या तीन जाती ध्यानात ठेवल्या तरी पुरे. १२५ ते १३४ किलोहर्ट्झवाले जनावरांच्या कातडीखाली बसवतात. १३.५६ मेगाहर्ट्झवाले मेट्रोच्या कार्डात असतात, हेच आपला फोन वाचतो. तिसरे यूएचएफ, आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले, ते काही मीटरवरून वाचता येतात. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग हा त्यातलाच. घरासाठी मी मधली जात घेतली, कारण वाचायला वेगळं यंत्र लागत नाही. फोनमध्ये एनएफसी असलं की झालं.

पहिल्याच दिवशी अडलो. साधा स्टिकर-टॅग फ्रिजच्या बाजूच्या पत्र्यावर लावला आणि फोन काही केल्या वाचेना. तोच टॅग सोलून लाकडी दारावर लावला तर लगेच वाचला. ते का, हे इथे कोणी जाणकार नीट सांगेल. मी आता मागे काळा फेराइटचा (लोहयुक्त चुंबकी पदार्थाचा) थर असलेले टॅग वापरतो, ते पत्र्यावर चालतात.

दुसरी अडचण जागेची. मी घेतलेल्या टॅगमध्ये लिहायला १४४ बाइट. रोमन अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीला ३. काना, मात्रा, अनुस्वार प्रत्येकाचे वेगळे ३. नुसतं 'गॅस भरला' लिहिलं की २२ बाइट संपले. म्हणजे १४४ मध्ये जेमतेम ४८ चिन्हं, मजकुराचा प्रकार आणि भाषा सांगणारा वरचा सरंजाम धरला तर त्याहूनही कमी. पण आईला वाचता यायला हवं म्हणून मराठीच लिहायचं ठरवलं. मग ८८८ बाइटवाले मागवले.

दोन वर्षांत काय उपयोग झाला ते सविस्तर लिहितोच, पण आधी विचारायचं आहे ते हे: तुमच्यापैकी कोणी असं काही करतं का? आणि टॅगवर नेमकं काय लिहावं? माझ्या मते आपली यंत्रं वयाने मरत नाहीत, त्यांच्याबद्दलची माहिती हरवली म्हणून मरतात.

कळण्याची भाकरी

वाखू (वाचनखूण) साठवली. आमना घर बी हाईच गत शे. बिलाचा फोटो काढून ठेवला होता, तो फोनच बिघडला.

पांझराकाठ

चांगला उपक्रम, पण एवढा खटाटोप का? आमच्या घरी १९९८ पासून एक वही आहे. मिक्सर, पंखे, मोटार, टीव्ही, सगळ्यांच्या नोंदी. तारीख, काय केलं, किती पैसे. एक पैशाचा खर्च नाही. आणि ज्यांना टॅगच हवा त्यांनी क्यूआर कोड छापून चिकटवावा. तो तर कुठलाही फोन वाचतो, एनएफसी बऱ्याच फोनमध्ये नसतंच.

तापीकाठ

पांझराकाठ, तुमच्या वहीला मनापासून नमस्कार. ती वही असती तर मला हे करावंच लागलं नसतं.

पण वही घरात राहते आणि यंत्र घर बदलतं. आमचा पहिला फ्रिज बहिणीच्या लग्नानंतर दोंडाईच्याला गेला, तिथून तिच्या जावेकडे, आज तो एका चहावाल्याच्या टपरीत आहे. आमच्या घरातली नोंद त्या चहावाल्याच्या काय कामाची? एक्स्चेंजमध्ये दिलेली मशीन कुठे जाते हे तर आपल्याला कळतही नाही. माहितीने यंत्राबरोबरच प्रवास करायला हवा, माझा सगळा आग्रह तेवढ्यासाठी आहे.

चोपडेकर पुण्यात

माझं काम याच क्षेत्रातलं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पत्र्यावर टॅग का वाचला जात नाही: फोनचं बदलतं चुंबकीय क्षेत्र पत्र्यावर पडलं की पत्र्यात भोवऱ्यासारखे प्रवाह सुरू होतात आणि ते मूळ क्षेत्राला विरोध करतात. टॅगच्या गुंडाळीला वीज मिळत नाही. शिवाय तिचा सूर १३.५६ वरून सरकतो. फेराइटचा थर क्षेत्राला पत्र्यात शिरू न देता बाजूने वळवतो, म्हणून मधे तो हवा. ज्याला महागडे टॅग नकोत त्याने साधा टॅग प्लास्टिकच्या भागावर लावावा. वॉशिंग मशीनच्या साबणाच्या कप्प्याची पुढची पट्टी, फ्रिजच्या दाराची वरची टोपी, एसीच्या आतल्या युनिटचं झाकण. यूएचएफची तऱ्हा वेगळी. त्याला पत्रा तर नडतोच, पाणीही त्याच्या लहरी शोषून घेतं. भरलेल्या कूलरजवळ तो टॅग विश्वासाने वाचला जाणार नाही.

आता क्यूआरबद्दल. पांझराकाठ यांचा मुद्दा हलका नाही. युरोपीय संघाने उत्पादनांच्या डिजिटल पासपोर्टचा कायदा केला, तो १८ जुलै २०२४ पासून लागू आहे. वस्तूवर माहिती वाहणारी एक खूण असावी आणि तिच्यातून पुढची माहिती उघडावी, अशी ती रचना. विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांसाठी असा पासपोर्ट १८ फेब्रुवारी २०२७ पासून सक्तीचा होणार आहे आणि तिथे खूण म्हणून क्यूआरच धरला आहे. स्वस्त आहे, सगळे वाचतात.

पण क्यूआर एकदा छापला की छापला. त्यात नवी नोंद करता येत नाही, ती दूर कुठल्यातरी सर्व्हरवर करावी लागते. कंपनीने ते मॉडेल बंद केलं, सर्व्हर बंद केला, की चौकोन भिंतीवरच्या रांगोळीसारखा नुसता दिसायला उरतो. टॅगमध्ये नोंद टॅगवरच राहते. नेट नसलं तरी चालतं, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातही. माझ्या मते दोन्ही लावावेत.

आणि कुलपाचं विसरू नका. या चिपना ३२ बिटांचा पासवर्ड घालता येतो, आणि एक कायमचं कुलूपही असतं. ते लावलं की जगात कोणालाही पुन्हा लिहिता येत नाही, तुम्हालाही नाही. म्हणून मी घरी एकेका यंत्रावर दोन टॅग लावतो. एकावर जन्माची माहिती: मॉडेल, सिरियल नंबर, खरेदीची तारीख, दुकान, बिल नंबर, गॅस. तो कायमचा बंद. दुसरा दवाखान्याच्या फाइलसारखा, दुरुस्त्यांसाठी उघडा.

तापीकाठ

दोन टॅगची कल्पना फार आवडली. माझ्याकडे सगळं एकाच टॅगवर आहे, आणि भाच्याने एकदा खेळता खेळता गिझरची अख्खी नोंद पुसली. या रविवारीच वेगळे करतो.

मिस्तरी धुळे

मी २२ वर्षं फ्रिज-एसीचं काम करतो. इथे लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

भाऊंना त्यांच्या मिस्तरीने गॅस कोणता ते का विचारलं, ते सांगतो. जुन्या फ्रिजात आर-१२ होता, तो वातावरणातला ओझोनचा थर खातो म्हणून बंद झाला. मग आर-१३४ए आला. आता नवीन फ्रिजात बहुतेक आर-६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन. लायटरमधल्या गॅसच्याच जातीचा. पेट घेतो. घरगुती फ्रिजात ४०-६० ग्रॅमच असतो, १३४एच्या निम्म्याहून कमी, पण बंद खोलीत तेवढाही पुरतो. म्हणून ६००एच्या फ्रिजाला वेल्डिंगची ज्योत लावायच्या आधी गॅस पूर्ण बाहेर मोकळ्या हवेत सोडावा लागतो, लाइन नायट्रोजनने साफ करावी लागते. काही जण ज्योत लावतच नाहीत, दाबून बसवायचे जॉइंट वापरतात.

तीन वर्षांपूर्वी एका घरी गेलो. मागच्या पाटीवर १३४ए लिहिलेलं. मी पाटीवर विश्वास ठेवला आणि पाइपला टॉर्च लावला. निळा भडका उठला. हात मागे घेतला तोवर मनगटापासून कोपरापर्यंतचे केस जळाले. नशीब, खिडकी उघडी होती आणि त्या बाईंचं लेकरू शाळेत होतं. नंतर कळलं, आधी कोणीतरी कॉम्प्रेसर बदलून ६००एचा बसवला होता आणि गॅसही तोच भरला होता. असं करायलाच नको, पण करतात. पाटी मात्र जुनीच.

पाटी फ्रिज कारखान्यातून निघाला त्या दिवशीचं सांगते. त्यानंतर कोणी काय केलं ते तिला माहीत नसतं. म्हणून मी काम केलं की मागच्या पत्र्यावर खिळ्याने तारीख आणि गॅस कोरतो. मार्कर धुळीने आणि कॉम्प्रेसरच्या गरमीने जातो. माझे उस्ताद सांगायचे, कागद टिकस नही, पत्रा टिकस.

तुमची चिप चांगली वाटते. पण लिहिणार कोण? आमचे हात तेलाचे, उन्हाळ्यात दिवसाला ८-९ कॉल. आणि दुसरं, माझी चूक झाली तर तीही त्यावर राहणार. मला त्याची भीती नाही, पण सगळे मिस्तरी तयार होणार नाहीत.

तापीकाठ

मिस्तरी, तुमच्या या एका प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. तुम्ही खिळ्याने कोरता तेच मला चिपमध्ये हवंय, आणि तुम्ही ते आधीपासून करताय.

लिहिण्याचं मी असं करतो: मिस्तरी काम करताना तोंडी सांगतो, मी किंवा आई फोनवर टाइप करून टॅगला लावतो आणि त्याला वाचून दाखवतो. जेमतेम एक मिनिट लागतं. एकाने तर दुरुस्त करून घेतलं, "रिले नाही ताई, ओव्हरलोड लिहा, पुढच्याला उपयोग होईल." पुढच्याला, हा त्याचा शब्द.

शहाद्याची सून

आमच्याकडे बोअरचं पाणी इतकं जड आहे की बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो. घरात सगळ्यात जास्त खर्च कशावर होत असेल तर पाण्याच्या आरओवर. दर काही महिन्यांनी कंपनीचा माणूस यायचा आणि म्हणायचा, "मेंब्रेन गेलं, बदलावं लागेल." मेंब्रेन म्हणजे आरओमधला क्षार अडवणारा पडदा. नाही कसं म्हणायचं? आपल्याला काय कळतं?

हा धागा वाचायच्या आधीपासून मी साधं काम करतेय, त्याची नोंद द्यावी वाटली. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायची लहान पेनसारखी काडी घेतली. आत जाणारं पाणी आणि बाहेर येणारं, दोन्हीचा आकडा घेते. मेंब्रेन नवं होतं तेव्हा आत ९४०, बाहेर ६५. म्हणजे ९० टक्क्यांच्या वर क्षार अडवत होतं. आठ महिन्यांनी परत तोच माणूस आला, परत तेच वाक्य. मी आकडे दाखवले: आत ९५०, बाहेर ८५. तो म्हणाला, चालेल अजून. पुढे ते मेंब्रेन आणखी वर्षभर चाललं. बाहेरचा आकडा २००च्या पुढे गेला तेव्हा मीच बोलावून बदललं. मधे आधीचे फिल्टर वेळेवर बदलत राहिले, ते मात्र टाळायचं नाही, नाहीतर मेंब्रेनच लवकर जातं.

हे आकडे मी कॅलेंडरवर लिहायचे. वर्ष संपलं की कॅलेंडर रद्दीत. तुमच्या चिपवर असे दोन दोन आकडे लिहिले तर जागाही कमी लागेल. आणि माझ्या सासूबाईंचा प्रश्न: पाहुणे आले, त्यांनी फोन लावला तर त्यांना आपल्या घरातलं सगळं दिसणार का?

चोपडेकर पुण्यात

ताई, आकड्यांची नोंद हा सगळ्यात चांगला वापर. 'मेंब्रेन बदललं' यापेक्षा 'आत ९४०, बाहेर ६५' हे कितीतरी मोलाचं आहे, कारण पुढचा निर्णय त्यावरून घेता येतो. टॅगवर आकडे इंग्रजी ठेवा, देवनागरी आकडाही ३ बाइट खातो.

सासूबाईंचा प्रश्न अगदी बरोबर आहे. एनएफसी टॅग दोन-चार सेंटिमीटरवरूनच वाचला जातो, म्हणजे पाहुण्याला फोन टेकवावा लागेल. टेकवला तर दिसेल. म्हणून टॅगवर नाव, फोन नंबर, पत्ता लिहूच नका. यंत्राचं लिहा, माणसाचं नको. यूएचएफची काळजी जास्त घ्यावी लागते. दुकानदार आणि गोदामवाले खोक्यावर ते लावतात, कारण खोकी न उघडता काही मीटरवरून मोजता येतात. तोच टॅग घरात आला तर बाहेरूनही मोजता येऊ शकतो. त्या टॅगना कायमचं मारण्याची आज्ञा त्यांच्या मानकातच (ठरलेल्या तांत्रिक नियमांतच) दिलेली आहे, पासवर्ड दिला की टॅग पुन्हा बोलत नाही. खोक्यावरचा असेल तर खोकं फाडून टाका.

आठवडेबाजार

मी ६ वर्षं नागोयाला नोकरीला होतो, तिथलं सांगतो. जपानमध्ये घरगुती यंत्रांच्या पुनर्वापराचा कायदा एप्रिल २००१ पासून आहे. एसी, टीव्ही, फ्रिज आणि वॉशिंग मशीन, या चार गोष्टी कचऱ्यात टाकता येत नाहीत. टाकणाऱ्यालाच पैसे भरावे लागतात, त्याची पावती यंत्रावर चिकटवली जाते आणि पावतीचा नंबर आपल्याजवळ राहतो. मी भारतात परत येताना फ्रिज दिला, आणि नंतर त्या नंबरवरून तो कारखान्यापर्यंत पोहोचला हे पाहता आलं. मनाला फार बरं वाटलं होतं.

दुसरी गोष्ट त्याहून आवडली. २००९ पासून तिथे पंखे, एसी, वॉशिंग मशीन यांच्यावर बनवल्याचं वर्ष आणि किती वर्षं सुरक्षित वापराचा हिशेब धरून ते बनवलं आहे, हे छापावं लागतं. जुन्या पंख्यांच्या मोटारी तापून आगी लागल्या होत्या, त्यानंतर हे आलं. आपल्याकडे २०-२५ वर्षांचा टेबलफॅन मे महिन्यात अहोरात्र चालतो. त्याचं वय घरात कोणाला माहीत नसतं.

पांझराकाठ

आठवडेबाजार, हे वाचून उठलो आणि आमचा टेबलफॅन बघितला. वहीप्रमाणे २००१. वायरजवळ हात लावला तर मोटारीची टोपी चांगलीच गरम. बेअरिंगला तेल २०१९ला घातलंय. बंद करून ठेवला, उद्या दाखवतो.

भुसावळ जंक्शन

आमचा भंगारचा धंदा, वडिलांपासून. या धाग्यात आमच्या बाजूचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय.

यंत्राचं शेवटचं घर आमचं असतं. फ्रिज आला की पोरं पहिल्यांदा काय करतात? पाइप तोडतात. फुस्स करून गॅस जातो. तो १३४ए आहे की ६००ए की जुना आर-१२, कोणाला पत्ता नसतो. ६००ए असला आणि बाजूला ग्राइंडर चालू असला तर काय होईल ते मिस्तरींनी लिहिलंच आहे. मग कॉम्प्रेसर फोडायचा. आत तांब्याची तार की अ‍ॅल्युमिनियमची, हे फोडल्यावरच कळतं, आणि भाव त्यावर. पंख्याच्या, कूलरच्या मोटारीचंही तेच. वरून तांब्यासारखी दिसते, चाकूने खरवडली की आत पांढरी. गिऱ्हाइकाशी रोज यावरून वाद. दुरुस्तीत मोटार भरली (नव्याने तार गुंडाळली) असेल तर कोणत्या तारेने भरली, एवढा एक शब्द टॅगवर असला तर तो वाद मिटेल.

आणि फोम. दाराच्या आतला पिवळा फोम कोणीच घेत नाही. लोक नाल्यात टाकतात नाहीतर जाळतात. जुन्या फ्रिजांच्या फोममध्येही ओझोनला खाणारा गॅस भरलेला असतो, हे मला एका प्रशिक्षणात कळलं, तोवर आम्हीही जाळतच होतो. त्याचं अजून वाईट वाटतं.

ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. कंपनीने आपल्या मालाच्या प्रमाणात नोंदणीकृत कारखान्यातून पुनर्वापर करून घ्यायचा आणि त्याचं प्रमाणपत्र दाखवायचं. पण माल कारखान्यापर्यंत जाणार कसा? आमच्यासारख्यांच्या हातूनच. आमच्या हातात यंत्राची माहिती आली तर फ्रिज न फोडता अख्खा पुढे पाठवायला कारण मिळेल. तुम्ही लोक टॅग लावाल तर गॅस, तार आणि वजन एवढं नक्की लिहा. आमचे फोन वाचतात.

मिस्तरी धुळे

भुसावळवाले भाऊ, तुमचं खरं आहे. आम्ही दुरुस्त करतो तेव्हा तुमचा विचार कधी केला नव्हता. मोटारीच्या तारेचं आता लिहीन.

कळण्याची भाकरी

मग खिडकीच्या पत्र्याच्या कूलरचं काय? आमच्याकडे चार महिने तोच चालतो. बाहेर ४५ डिग्री, आत पाणी. टॅग टिकतो का?

तापीकाठ

पहिल्या उन्हाळ्यात दोन टॅग गळाले. टॅग खराब झाला नव्हता, गोंद सुटला होता. टॅग खाली कोबा केलेल्या अंगणात पडलेला सापडला आणि वाचलाही. आता चावीच्या रिंगला लावतात तसा जाड प्लास्टिकचा टॅग घेतो आणि मोटारीच्या स्विचच्या आतल्या बाजूला केबल टायने बांधतो. तिथे ना थेट ऊन, ना पाणी.

कूलरला लिहायचं फार नसतं: पंपाचं मॉडेल, मोटारीचा कपॅसिटर (मोटार फिरायला सुरुवात करून देणारा भाग) किती मायक्रोफॅरडचा, गवत कधी बदललं. पण कपॅसिटरचा तो एक आकडा मे महिन्यातल्या रविवारी दुपारी माहीत असणं म्हणजे काय, ते खान्देशात राहणाऱ्यालाच कळेल. गेल्या वर्षी आईने अमळनेरहून फोन केला, पंखा फिरत नाही, नुसता गुणगुणतो. मी म्हटलं, टॅगला फोन लाव आणि वाच. तिने हळूहळू वाचलं, "कपॅसिटर अडीच." शेजारच्या पोराला दुकानात धाडलं, तासाभरात कूलर चालू. आधी असं झालं की मोटारच खोलून दुकानात न्यावी लागायची.

तर सगळ्यांचं ऐकून मी असं ठरवतोय. जन्माचा टॅग वेगळा आणि कुलूपबंद, त्यावर चोपडेकरांनी सांगितलेलं सगळं, शिवाय बनवल्याचं वर्ष आणि भुसावळच्या भाऊंसाठी तार आणि वजन. दुरुस्तीचा टॅग उघडा, त्यावर तारीख, काय केलं आणि मोजलेला आकडा. शब्द कमी, आकडे जास्त. नवी नोंद सगळ्यात वर, म्हणजे जागा संपली तर जुनी कापता येईल. गॅस बदलला असेल तर ती ओळ मात्र कधीच कापायची नाही. माणसाचं नाव कुठेच नाही.

चोपडेकर पुण्यात

बरोबर. एक भर: जन्माच्या टॅगला कायमचं कुलूप लावण्याआधी दोन वेगवेगळ्या फोनवर वाचून बघा. मी एकदा सिरियल नंबरमध्ये शून्याच्या जागी ओ लिहून कुलूप लावलं. तो टॅग काढून फेकावा लागला.

पांझराकाठ

टेबलफॅन दाखवला. बुश झिजले होते आणि वाइंडिंगवरचा वॉर्निश काळा पडला होता. मिस्तरी म्हणाला, हा रात्रभर चालवू नका. मुलगा फोन घेऊन बसलाय, वहीतल्या नोंदी टॅगवर चढवतो म्हणतो. १० टॅग मागवलेत. वही चालूच राहील.

शहाद्याची सून

सासूबाईंना सांगितलं, नाव-पत्ता काही लिहायचं नाही. त्या म्हणाल्या, मग आरओला लाव, आणि मिक्सरलाही लाव, तो माझ्या माहेरचा आहे.

मिस्तरी धुळे

पुतण्याने चार टॅग आणून दिले. आज पहिला लावला. योगायोग म्हणजे फ्रिज तोच, भडका उठला होता तोच. आता त्या बाई तो गावी दिराकडे पाठवणार आहेत, म्हणून तपासायला बोलावलं होतं. फिल्टर बदलला, व्हॅक्यूम करून गॅस तोलून भरला. नोंद त्यांच्या मुलीने लिहिली, नववीत आहे. मी सांगत गेलो आणि तिने मला तीनदा वाचून दाखवलं. पाटीच्या शेजारीच चिकटवला, पुढचा माणूस पाटी बघायला वाकेल तेव्हा त्याला दिसेल असा. वरून मार्करने 'आधी इथे फोन लावा' लिहिलं. टॅगवर एवढंच आहे:

"पाटीवरचं १३४ए चूक. आत ६००ए, ५२ ग्रॅम. पेट घेतो. ज्योत लावण्याआधी गॅस बाहेर मोकळ्या हवेत सोडा. फिल्टर नवा. कॉम्प्रेसर तांब्याचा."